कणाकणाला इन्सुलेशन: भुकटीतून घडणारा मोटरचा गाभा

मोटर किंवा ट्रान्सफॉर्मर उघडला, की तांब्याच्या वेटोळ्यांच्या आत लोखंड असतं. पण ते बहुधा अखंड ठोकळा नसतं. सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाचे पातळ पत्रे एकावर एक रचलेले असतात आणि प्रत्येक पत्र्यावर निरोधक थर असतो. एवढा खटाटोप एडी करंटमुळे करावा लागतो. चुंबकीय क्षेत्र सतत बदलत राहिलं, की लोखंडाच्या आत गोल फिरणारे प्रवाह उमटतात. ते कोणतंही काम करत नाहीत, नुसते लोखंड तापवतात. पत्र्याची जाडी निम्मी केली तर हा तोटा चौथ्या हिश्शावर येतो, म्हणून ०.३५ मिलिमीटरच्या आसपासचे पत्रे वापरतात.

पण वारंवारता दुप्पट केली की तोच तोटा चौपट होतो. घरातली वीज ५० हर्ट्झची. विजेवर चालणाऱ्या गाडीतली आठ ध्रुवांची मोटर मिनिटाला १२,००० फेरे घेत असेल, तर तिच्या लोखंडातलं क्षेत्र ८०० हर्ट्झने उलटसुलट होतं. शिवाय पत्र्यांचा फायदा मिळतो तो चुंबकीय प्रवाह पत्र्यालगत वाहतो तेव्हाच. तो पत्र्याला छेदून गेला, तर एडी करंटला फिरायला पत्र्याचं अख्खं मैदान मोकळं मिळतं.

मग पत्रे कापण्याऐवजी लोखंडाची भुकटीच करायची. साधारण ०.१ मिलिमीटरच्या प्रत्येक कणावर फॉस्फेटचा काही दशक नॅनोमीटर जाडीचा थर चढवायचा, थोडं वंगण मिसळायचं आणि डायमध्ये ६०० ते ८०० मेगापास्कल दाबाखाली दाबायचं. एडी करंट मग ज्या त्या कणात कोंडले जातात, क्षेत्राची दिशा कोणतीही असो. कल्पना नवी नाही. टेलिफोनच्या लांब तारांवर बसवायच्या कॉइलसाठी दाबलेल्या भुकटीचे गाभे बनवण्याचं काम स्पीड आणि एल्मेन या अमेरिकी अभियंत्यांनी १९२१ मध्येच प्रसिद्ध केलं होतं.

खरी झुंज सुरू होते ती दाबल्यानंतर. एवढ्या दाबाने लोखंडाचे स्फटिक वेडेवाकडे होतात, आणि अशा लोखंडाचं चुंबकत्व उलटवायला जास्त ऊर्जा लागते. हा दुसरा तोटा, हिस्टेरेसिसचा. तो घालवायचा तर लोखंड तापवून त्यातला ताण सोडवायला हवा. पूर्ण आराम मिळायला ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे जावं लागेल; फॉस्फेटचा थर मात्र ५०० अंशांच्या आसपासच फुटू लागतो. थर फुटला की कण एकमेकांना चिकटतात आणि एडी करंट परत येतात. त्यामुळे भट्टीचं तापमान म्हणजे दोन तोट्यांमधली तडजोडच. सिलिका, अ‍ॅल्युमिना, मॅग्नेशियम ऑक्साइड अशा उष्णतेला टिकणाऱ्या थरांवर इतकं संशोधन होतं ते यासाठीच.

थराची आणखी एक किंमत आहे. तो चुंबकीय नसल्यामुळे कणाकणामध्ये बारीक फट पडते. चांगल्या पोलादाची पार्यता (चुंबकीय प्रवाहाला वाट देण्याची क्षमता) काही हजारांत, तर या भुकटीची काहीशेच. त्यामुळे साध्या ५० हर्ट्झच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये भुकटी हरते, यात शंका नाही. तिथे हिस्टेरेसिसच वरचढ असतो आणि पत्र्यांना तोड नाही. काहीशे हर्ट्झच्या पुढे पारडं फिरू लागतं. फार वरच्या वारंवारतेला फेराइट, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासून बनलेले चुंबकीय सिरॅमिक, आहेतच, पण ते अर्ध्या टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) आतच संपृक्त होतात, म्हणजे त्यापुढे त्यांचं चुंबकत्व जवळपास वाढत नाही. भुकटीचा गाभा त्याच्या कितीतरी पट क्षेत्र पेलतो. पॉवर इलेक्ट्रॉनिक्समधल्या इंडक्टरमध्ये (गाभ्याभोवती तार गुंडाळलेल्या कॉइलमध्ये) तर त्या बारीक फटी उपयोगीच पडतात, कारण डीसी प्रवाहाखाली गाभा लवकर संपृक्त होत नाही.

मोटरच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: पत्र्यांसाठी आखलेला आकार तसाच उचलून भुकटीत दाबणं म्हणजे भुकटीवर अन्याय. तिथे तिचे दोषच दिसणार. चुंबकीय प्रवाह तिन्ही दिशांना वळवावा लागतो अशा अ‍ॅक्शियल फ्लक्स, क्लॉ-पोल किंवा ट्रान्सव्हर्स फ्लक्स मोटरींमध्ये ती शोभते. गाभ्याच्या ज्या दातांवर तार गुंडाळतात त्यांच्या कडा गोलाकार करता येतात, वेटोळी घट्ट बसतात, तांबं वाचतं.

मात्र असा भाग जपून हाताळावा लागतो. इथे सिंटरिंग नसतं, म्हणजे कण उष्णतेने एकमेकांशी एकजीव झालेले नसतात. ताण दिला की तुकडा पडतो. आकार डायमधूनच शक्य तितका नेमका काढतात, कारण नंतर बोथट हत्याराने घासला तर पृष्ठभागावरचे कण एकमेकांवर सारवले जातात आणि तेवढ्या पट्ट्यात इन्सुलेशन उरत नाही.