रक्तवाढीची गोळी आणि कॅल्शियमची गोळी : दुधाबरोबर कोणती?

धाकट्या बहिणीला पाचवा महिना लागला तेव्हा ती आठवडाभर माहेरी आली होती. पहिल्याच रात्री गोळ्यांची पिशवी माझ्यापुढे ठेवून रडवेल्या आवाजात म्हणाली, "ताई, सासूबाई म्हणतात दुधाबरोबर घे, आशाताई म्हणतात दूध अजिबात नको. डॉक्टर म्हणाले जेवणाबरोबर, औषधाच्या दुकानात सांगितलं उपाशीपोटी. मी ऐकू तरी कुणाचं?"

पट्ट्या पलंगावर मांडल्या. एक गोळी लाल, छोटी, गोल. दुसरी पांढरी, लांबट, गिळताना घशाशी अडेल एवढी मोठी. मग एकेकाचं बोलणं आठवून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. चौघांचंही बरंचसं बरोबर होतं, फक्त प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळी गोळी होती.

लाल ती लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस; बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात, आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायका त्याखाली होत्या. म्हणून ही गोळी वाया जाऊ नये, असं मला फार वाटतं. आणि ती वाया जाते ती चहा-दुधामुळे. दोन्हींमुळे लोह अंगी कमी लागतं. पोट रिकामं असताना, जेवणानंतर दोनेक तासांनी, साध्या पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घेतली तर ती चांगली लागू पडते.

पांढरी कॅल्शियमची, सोबत ड जीवनसत्त्व. ही साधारण 500 मिलिग्रॅमची, दिवसातून दोन वेळा. हिच्यात बहुधा कॅल्शियम कार्बोनेट असतं, ते विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ही जेवणाबरोबरच घ्यायची. दूध चालतं. ही गोळी नुसती हाडांसाठी आहे असं समजून बायका ती सोडून देतात. पण ज्यांच्या खाण्यात कॅल्शियम कमी असतं, त्यांना गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोकाही ती कमी करते.

दोन्ही एकदम घेतल्या तर कॅल्शियम लोहाच्या आड येतं. बहीण नेमकं तेच करत होती. "एकदाच काय ते उरकायचं" म्हणून रात्री दोन्ही तोंडात, वर दूध.

सासूबाईंची काळजीही खोटी नव्हती. लाल गोळीने काहींना खरंच मळमळतं, पोटात जळजळतं. तसं झालं तर ती झोपताना घ्यावी, किंवा थोडं खाऊन घ्यावी. लोह थोडं कमी लागेल, पण गोळी बंद करण्यापेक्षा ते कितीतरी बरं. या गोळीने शौचाला काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बहिणीने तेवढ्यासाठी मध्ये चार दिवस गोळी बंद ठेवली होती, कुणाला न सांगता. बाळ काळं होतं, ही समजूत मात्र साफ चुकीची. बाळाचा रंग गोळीवर ठरत नाही.

मग पट्ट्यांवरच पेनाने लिहिलं. पांढरीवर "नाश्ता" आणि "दुपारचं जेवण", लालवर "रात्री 10". रात्रीचं जेवण आमच्याकडे आठला होतं. डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, ते हो म्हणाले. हिमोग्लोबिन फार खाली असेल तर ते लाल गोळ्या वाढवूनही देतात, त्यामुळे त्यांना विचारणं चुकवू नये. पिशवी मात्र कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे, आणि लाल गोड लेपाच्या त्या गोळ्या लहान पोराने मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं.

संध्याकाळी बहिणीने सासूबाईंना फोन लावला. "आई, दूध घेतेय मी. सकाळी घेते, पांढऱ्या गोळीबरोबर."