भक्षक संशोधन-प्रकाशन

तज्ज्ञपरीक्षण न करता, किंवा त्याचा केवळ देखावा करून, लेखकाकडून शुल्क घेऊन शोधनिबंध छापण्याचा व्यवहार. त्याचा आरंभ नेमका सांगता येत नाही. लेखकशुल्कावर चालणारी मुक्तप्रवेश (वाचकाला विनामूल्य खुली) नियतकालिके २००० नंतर पसरली, त्याबरोबर तो फोफावला असावा. संज्ञा रूढ केली ती अमेरिकेतील डेन्व्हरचे ग्रंथपाल जेफ्री बील यांनी, २०१० च्या सुमारास. अशा संशयित प्रकाशकांची त्यांची यादी जानेवारी २०१७ मध्ये बंद झाली. बील मुक्तप्रवेशालाच दोषी ठरवतात, हा आक्षेप ग्राह्य वाटतो. कारण मुंबईहून निघणारे ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ सर्वांना मुक्त असूनही लेखकांकडून शुल्क घेत नाही.

कॅनडातील ओटावा येथे २०१९ मध्ये १० देशांतील ४३ जणांनी ठरवलेली व्याख्या अधिक काटेकोर आहे. दिशाभूल करणारी माहिती, संपादकीय शिस्तीचा भंग, अपारदर्शकता आणि सरसकट धाडलेली लेखनाची आमंत्रणे ही तिच्यातील लक्षणे. परीक्षणाचा दर्जा मात्र तिच्यातून वगळला आहे, कारण तो बाहेरून तपासता येत नाही. म्हणजे ज्या त्रुटीमुळे संशोधनाची विश्वासार्हता ढासळते, तीच व्याख्येबाहेर राहिली.

मुंबईतील महाविद्यालयांत या व्यवहाराचे मूळ बढतीच्या नियमांत शोधावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांत एपीआय, म्हणजे शैक्षणिक कामगिरी मोजणारे, गुण आले. परीक्षित नियतकालिकातील निबंधाला १५ गुण होते आणि अपरीक्षित, पण आयएसएसएन असलेल्या मान्यताप्राप्त नियतकालिकातील निबंधालाही १० गुण होते. आयएसएसएन हा निव्वळ आठ अंकी ओळखक्रमांक, दर्जाची हमी नव्हे. तरी मुखपृष्ठावर तो ठळक छापला की बढतीची फाइल पुढे सरके. एकदिवसीय परिसंवादाचे निबंध जसेच्या तसे ‘विशेषांक’ म्हणून काढण्याची प्रथा याच काळात बोकाळली. अध्यापनाचा भार वाहून, प्रयोगशाळेविना काम करणाऱ्या प्राध्यापकाला सर्वस्वी दोष देणे अन्यायाचे ठरेल.

आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी २०१७ मध्ये आली. पुण्यातील अभ्यासकांच्या २०१८ मधील विश्लेषणानुसार, विद्यापीठांच्या शिफारशीने तीत शिरलेल्या व अन्यत्र सूचिबद्ध नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात. मे २०१८ मध्ये ४,३०५ नियतकालिके वगळली गेली. तिच्या जागी २०१९ मध्ये आलेली आयोगाची ‘केअर’ यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द होऊन नियतकालिकांची पारख शिक्षणसंस्थांवर सोपवली गेली.

हानी सर्वांत गंभीर वैद्यकात. न तपासलेला निबंध पुढच्या आढावा-निबंधात उद्धृत होतो आणि उपचाराचा आधार बनू शकतो. फसलेल्या लेखकाला निबंध मागे घ्यायचा झाल्यास प्रकाशक त्याचेही शुल्क मागतात. मागे न घेता तो दुसरीकडे पाठवला तर दुबार प्रकाशनाचा ठपका येतो.