किनाऱ्यावरच्या नौसैनिक स्त्रिया आणि १९५७चे पोटकलम : पार्श्वभूमी

मार्च २०२३मध्ये ओडिशातल्या चिल्का इथून अग्निवीर नौसैनिकांची पहिली तुकडी शिकून बाहेर पडली. तीत पावणेतीनशेच्या आसपास मुली होत्या. अधिकारीपदाखालच्या दर्जावर नौदलात स्त्रिया प्रथमच आल्या, असे तेव्हा सगळीकडे छापून आले. स्वतंत्र भारतापुरते ते खरे आहे. पण त्याआधी, दुसऱ्या महायुद्धात, या दर्जावर स्त्रियांनी इथे काम केलेले आहे, आणि त्यांचे एक मोठे ठाणे मुंबई होते.

युद्ध सुरू झाले तेव्हा इथले नौदल दोनेक हजार माणसांचे होते. युद्ध संपेपर्यंत ते पंचवीस हजारांच्या पुढे गेले. पुरुष जहाजांवर गेल्यावर किनाऱ्यावरचे सांकेतिक संदेश, बिनतारी यंत्रणा, टंकलेखन आणि कचेऱ्या सांभाळायला माणसे हवी होती. १९४२मध्ये स्त्रियांचे साहाय्यक दल उभे राहिले. त्यातल्या नौदलाच्या शाखेला १९४४मध्ये स्वतःचे नाव मिळाले. अँग्लो-इंडियन मुलींचा भरणा मोठा होता, पण पारशी, ख्रिस्ती आणि हिंदू घरांतल्या मुलीही होत्या. गणवेश म्हणून साडीही चाले. १९४५मध्ये या शाखेतली एक भारतीय अधिकारी प्रशिक्षण पाहायला ब्रिटनला गेली होती.

कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळावर १८ फेब्रुवारी १९४६ला पेटलेला नाविकांचा उठाव आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या अनेक वर्णनांत या स्त्रिया ओझरत्या येतात, त्याही नाविकांनी त्यांना पाहून शिट्ट्या मारल्या म्हणून वरिष्ठ भडकला, एवढ्यापुरत्याच. त्या तिथे कोणते काम करत होत्या, हे कोणी सांगत नाही. १९४७मध्ये दल मोडले आणि त्या घरी गेल्या.

खरा वाद पुढचा आहे. १९५७च्या नौदल कायद्यातल्या कलम ९च्या दुसऱ्या पोटकलमाने स्त्रियांना नौदलात नेमणुकीस अपात्र ठरवले. केंद्र सरकार अधिसूचना काढून सांगेल त्या शाखा मात्र यातून वगळल्या. लष्कर आणि हवाई दलाच्या १९५०च्या कायद्यांतही जवळपास हीच मांडणी होती. सैन्यदलांबाबत मूलभूत हक्कांना मुरड घालण्याची मुभा राज्यघटनेचा अनुच्छेद ३३ देतोच. म्हणून पोटकलमाची पाठराखण करणारे म्हणतात, ही बंदी नव्हतीच, दार उघडे ठेवले होते. मला हा युक्तिवाद पटत नाही. मूळ नियम ‘नाही’ असा लिहिला आणि ‘हो’ म्हणणे सरकारच्या मर्जीवर सोडले, की काहीच न करणे हाच निर्णय होऊन बसतो. शिवाय १९५७ साली हा प्रश्न कोरा नव्हता. जेमतेम दहा वर्षांपूर्वीपर्यंत याच किनाऱ्यावर स्त्रियांनी ही कामे केली होती. तो अनुभव जमेस धरला असता, तर निदान किनाऱ्यावरच्या शाखा पहिल्याच दिवशी खुल्या करता आल्या असत्या.

ती अधिसूचना निघाली ऑक्टोबर १९९१मध्ये. चौतीस वर्षे गेली होती. रसद, विधी आणि शिक्षण या शाखांत १९९२पासून अधिकारी म्हणून स्त्रिया घेतल्या गेल्या, त्याही ठरावीक मुदतीसाठी. १९९८मध्ये आणखी शाखा खुल्या झाल्या. २००८मध्ये कायम नेमणूक आली, पण मोजक्या शाखांत आणि नव्याने भरती होणाऱ्यांनाच. आधी भरती झालेल्या अधिकाऱ्यांनी न्यायालयात दाद मागितली. रशियन बनावटीच्या काही जहाजांवर स्त्रियांसाठी स्नानगृहे नाहीत, हाही सरकारचा एक मुद्दा होता. १७ मार्च २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. १९९१ आणि १९९८च्या अधिसूचनांनी ज्या शाखांतली वैधानिक आडकाठी उठली, तिथे कायम नेमणुकीसाठी स्त्रियांचाही पुरुषांच्या बरोबरीने विचार झालाच पाहिजे, असा तो निकाल आहे.