घरचा कॉम्प्युटर जोडून घेताय? आधी स्विचबोर्ड बघा

दुकानात आलेला माणूस बहुतेक वेळा उभ्याउभ्याच सांगतो, "आय फाइव्ह टाका, सोळा जीबी रॅम टाका, किती होतील बोला." आम्ही त्याला आधी बसवतो आणि विचारतो : कॉम्प्युटर ठेवणार कुठे, चालवणार कोण, आणि ज्या पॉइंटला लावणार त्याला अर्थिंग आहे का? तिसऱ्या प्रश्नाला लोक हसतात. त्या हसण्यामुळेच हे पत्रक छापावं लागलं.

आमचा हिशेब सरळ आहे. रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी), एसएसडी (फाइली साठवणारी वेगवान डिस्क), ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग) मागाहून वाढवता येतं, त्यामुळे तिथे आज हात थोडा आखडता घेतला तरी चालतो. एसएमपीएस (भिंतीतली वीज आतल्या भागांना हवी तशी करून देणारा डबा) आणि मदरबोर्ड (सगळे भाग ज्याला जोडतात तो मुख्य बोर्ड) यांच्यावर मात्र बाकीचा सगळा संसार उभा असतो. नेमके हेच दोन भाग कोटेशनमध्ये कुणी वाचत नाही, आणि भाव पाडायचा झाला की पहिली कात्री त्यांनाच लागते.

एसएमपीएसपासून सुरुवात करू. स्वस्त कॅबिनेटबरोबर (सगळे भाग ज्यात बसतात ती पेटी) जो 'फुकट' येतो, त्याच्यावर ठळक अक्षरांत ४५० वॅट छापलेलं असतं. त्याच लेबलवर बारीक अक्षरांचा एक तक्ता असतो, तो वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात समजा १६ अँपिअर लिहिलंय, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. आजचे प्रोसेसर (कॉम्प्युटरचा मेंदू, आय फाइव्ह वगैरे) आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टवरूनच ओढतात. म्हणजे तुमच्या कामाला तो डबा १९२ वॅटचाच. चांगल्या कंपनीच्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर त्याच रकान्यात ४५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो. '८० प्लस ब्रॉन्झ'चा शिक्का वीज किती कमी वाया जाते एवढंच सांगतो, माल किती टिकेल ते नाही. त्यासाठी वॉरंटीची वर्षं बघा. आम्ही पाच वर्षांखाली सहसा जात नाही. मधल्या दर्जाचं ग्राफिक्स कार्ड, उदाहरणार्थ १४५ वॅटचं आरटीएक्स ५०६०, घालणार असाल तर ५५० वॅट पुरतात. ८५० वॅटचा एसएमपीएस घेऊन शेजाऱ्याला दाखवण्यापलीकडे फायदा नाही.

आता अर्थिंग. जुन्या चाळींतून आणि पागडीच्या घरांतून ही तक्रार आमच्याकडे वारंवार येते : "नवीन कॉम्प्युटरला हात लावला की झिणझिण्या येतात, पीस खराब दिलात." पीस खराब नसतो. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, आणि दोन्ही कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंगची वायर असेल तर तिथला किरकोळ करंट जमिनीत निघून जातो. नसेल तर २३० व्होल्टच्या निम्मा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टचा दाब पत्र्यावर तसाच राहतो. करंट अगदी कमी असल्यामुळे मोठा झटका बसत नाही, पण अनवाणी पायांनी ओल्या लादीवर उभं राहून पेन ड्राइव्ह लावणाऱ्याला तो बरोबर जाणवतो. उपाय वायरमनचा, आमचा नाही. एक मात्र कटाक्षाने टाळा : काही वायरमन सॉकेटच्या मागेच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधून देतात. झिणझिण्या थांबतात, पण उद्या न्यूट्रलची वायर तुटली तर सगळे २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतील. डिलिव्हरीला येणारा आमचा मुलगा पॉइंट तपासतो, आणि अर्थिंग नसेल तर तसं चलनावर लिहून देतो. त्यावरून वाद घालू नका, ते तुमच्याच भल्याचं आहे.

यूपीएसच्या, म्हणजे लाइट गेल्यावर बॅटरीवर मशीन चालू ठेवणाऱ्या डब्याच्या, खोक्यावरचा आकडाही असाच फसवा. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६० वॅट. फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करण्यापुरता तो आहे, लाइट गेल्यावर गेम संपवण्यासाठी नाही.

प्रोसेसरच्या नावाचं शेवटचं अक्षर नीट बघा. डोंबिवलीचे एक काका स्वस्त पडला म्हणून दुसरीकडून इंटेलचा आय फाइव्ह १२४०० एफ घेऊन आले, जोडणी आमच्याकडे. मशीन चालू झालं, पंखे फिरले, स्क्रीन काळी ती काळीच. इंटेलच्या 'एफ'मध्ये ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड लागतंच. काकांना फक्त सोसायटीचे हिशेब आणि नातीचे ऑनलाइन क्लास चालवायचे होते. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट कार्डात गेले. दुसरी कंपनी एएमडी, तिच्या जुन्या एएम४ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा) खूण उलट लागते : साध्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, ५६०० जी मध्ये आहे. गेम खेळायचे नसतील तर ग्राफिक्सवाला प्रोसेसर घ्या आणि कार्डाचा विषय बंद करा. गेमच खेळायचे असतील तर उलटा हिशेब : बजेटचा तिसरा हिस्सा तरी कार्डाला ठेवा, आणि मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टला लावा, मदरबोर्डच्या नाही. "गेम अडकतात" म्हणून आलेले फोन आम्ही नुसती केबल हलवायला सांगून मिटवले आहेत.

मदरबोर्ड घेताना पुढची पाच वर्षं डोळ्यांसमोर ठेवा. एएम४ सॉकेट २०१७ पासून चालत आलाय. स्वस्त आणि भरवशाचा, पण त्याच्यापुढे रस्ता नाही. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वर पुढचे प्रोसेसर बसत राहतील, मात्र तो फक्त डीडीआर५, म्हणजे नव्या पिढीची रॅम घेतो, आधीची डीडीआर४ नाही. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, पण एका बोर्डाला सहसा एकच प्रकार. डीडीआर४ आणि डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट तुटेल, रॅम बसणार नाही. घरात जुनी डीडीआर४ रॅम पडून असेल तर ती घेऊन या. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव असे काही चढले, की जुनी पट्टीही फेकायची गोष्ट राहिली नाही. त्यामुळेच आमच्या कोटेशनवर भावाची मुदत छापलेली असते.

आणि १६ जीबी घ्यायची तर आठ-आठच्या दोन पट्ट्या. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅममधूनच जागा उचलतं, एका पट्टीवर त्याचा दम कोंडतो. बोर्डाला चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा भरायचा.

एसएसडी एनव्हीएमई (मदरबोर्डवर थेट बसणारी वेगवान जात) घ्या, झालं. जास्त वेगाच्या एसएसडीसाठी जास्त पैसे मोजले तरी घरच्या वापरात फरक हाताला लागत नाही.

कॅबिनेट मात्र बघून घ्या. पुढून काच असलेली दिसायला छान, पण हवा घेणार कुठून? आपल्याकडे वैशाखातला उकाडा, त्यात खाऱ्या दमट हवेत धूळ पंख्याला चिकटून तिची गोधडी होते. पुढून जाळी, जाळीमागे धुता येणारा फिल्टर, दोन पंखे आत घेणारे आणि एक मागून बाहेर टाकणारा, एवढं पुरे. मागे वितभर जागा सोडा. कॉम्प्युटर टेबलाच्या दार असलेल्या कप्प्यात ठेवणार असाल तर ते दार काढून ठेवा. वर्सोवा, दादर चौपाटी, वरळी अशा समुद्रालगतच्या भागांत मशीन पावसाळाभर बंद ठेवू नका. रोज तासभर चालू राहिलं की आतला ओलावा उडून जातो.

हे सगळं वाचूनही कदाचित तुम्हाला नवीन मशीन लागणारच नाही. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून "आता सगळंच बदलायचं का" हा प्रश्न घेऊन लोक येतात. तुमचा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल, तर विंडोज ११ त्यावर सहसा चालतं. बऱ्याचदा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) टीपीएम, म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय, चालू करायचं राहिलेलं असतं. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकून अशी मशीन आम्ही दोन-तीन वर्षांसाठी पुन्हा धावती करून देतो. त्यात आम्हाला फार सुटत नाही, पण गिऱ्हाईक दसऱ्याला परत येतं.

बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर असतो, घरी जाण्याआधी खोक्यावरचा आणि बिलावरचा जुळवून घ्या. प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच मागा, त्याला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी मिळते. सुटा 'ट्रे'वाला स्वस्त असतो, पण त्याची जबाबदारी विकणाऱ्यावरच. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात आमच्यापेक्षा कमी भाव मिळेल, आम्हीही बराचसा माल तिथूनच उचलतो. भाव तुलना करताना सीलबंद आणि ट्रे यांची गल्लत होऊ देऊ नका.

शेवटी नेण्याचं. बाजूला काच असलेलं कॅबिनेट लोकलने नेऊ नका, फर्स्ट क्लासनेही नाही. ती काच वरून गुद्दा मारला तरी सोसते, पण लादीवर तिची कड टेकली की क्षणात चुरा होतो. मुंबई आणि ठाण्यात आम्ही घरपोच देतो. येण्याआधी टेबलाखालच्या जागेची लांबी, रुंदी, उंची आणि स्विचबोर्डचा एक फोटो पाठवून ठेवा.