खाते उघडताना कर निवासाची घोषणा का लिहून द्यावी लागते

नव्या देशात आलेल्या माणसाकडून बँक कर निवासाचे, म्हणजे कर कायद्यानुसार तो कोणत्या देशाचा निवासी आहे याचे, स्वयंघोषणापत्र भरून घेते, ही पद्धत फार जुनी नाही. बऱ्याच देशांत ती 1 जानेवारी 2016 पासून सुरू झाली, काहींत त्यानंतर एक-दोन वर्षांनी. त्याआधी पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि व्हिसा दाखवला की काम भागत असे. तुम्ही कर कुठे भरता, हा प्रश्न बँकेचा नव्हताच.

प्रश्न स्वतः मात्र जुना आहे. पहिल्या महायुद्धानंतर कराचे दर वाढले आणि एकाच उत्पन्नावर दोन देश हक्क सांगू लागले. त्यावर असा दुहेरी कर टाळण्यासाठी देशादेशांत व्हायच्या करारांचे पहिले नमुने 1928 मध्ये तयार झाले, 1963 मध्ये आजच्या नमुना कराराचा मसुदा आला. माणूस दोन्ही देशांचा निवासी ठरत असेल तर त्याला कोणाचा धरायचे, याची क्रमवारी त्यात आहे. आधी कायमचे घर कुठे ते पाहायचे, मग कौटुंबिक आणि आर्थिक संबंध कुठे जास्त, मग नेहमीचे वास्तव्य, मग नागरिकत्व आणि तरीही सुटले नाही तर दोन्ही सरकारांनी आपसात ठरवायचे. हे सगळे वाद कर अधिकारी आणि करदाता यांच्यातले होते, तेही वर्ष संपल्यावर, विवरणपत्र समोर ठेवून चालणारे. बँकेचा त्यात संबंध नव्हता. उलट स्वित्झर्लंडमध्ये 1934 च्या कायद्याने ग्राहकाची माहिती बाहेर देणे हाच गुन्हा ठरवला होता.

बँक या प्रकरणात पहिल्यांदा ठळकपणे आली ती युरोपीय संघात, जुलै 2005 मध्ये. दुसऱ्या सदस्य देशातल्या निवाशाला व्याज दिले तर त्याची माहिती त्याच्या देशाला कळवायची, असा नियम लागू झाला. ऑस्ट्रिया, बेल्जियम आणि लक्झेंबर्ग यांनी नाव कळवण्याऐवजी व्याजातून कर कापून द्यायची सवलत घेतली. सुरुवातीला 15 टक्के असलेली ही कपात 2011 पासून 35 टक्के झाली. त्या नियमात निवास ठरवायचे काम बँकेचेच होते आणि ती ते पत्त्यावरून करी. एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. पासपोर्ट सदस्य देशाचा असून राहणे युरोपीय संघाच्या बाहेर आहे असे कोणी म्हणाले, तर त्याला त्या बाहेरच्या देशाच्या कर खात्याकडून निवासाचा दाखला आणावा लागे. दाखला नसेल तर पासपोर्टचा देश हाच निवासाचा देश. म्हणजे देश सोडून गेलेल्या माणसावरच पुराव्याचे ओझे टाकण्याची सुरुवात तेव्हाच झाली होती. हा नियम फक्त व्यक्तींच्या व्याजापुरता होता. मधे एखादी कंपनी किंवा ट्रस्ट उभा केला की तो लागू होत नसे.

मग 2008 उजाडले. लिक्टेनस्टाइनमधल्या एका बँकेच्या खातेदारांची चोरलेली यादी जर्मन यंत्रणेने विकत घेतली आणि धाडी पडल्या. फेब्रुवारी 2009 मध्ये एका मोठ्या स्विस बँकेने अमेरिकेतला खटला टाळण्यासाठी 78 कोटी डॉलर मोजले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुमारे 4,450 खात्यांची माहिती देण्याचा समझोता झाला. मधल्या एप्रिलमध्ये जी-20 देशांच्या लंडनच्या शिखर परिषदेत बँकांच्या गोपनीयतेचा काळ संपल्याचे जाहीर झाले होते. आर्थिक संकटानंतर सरकारांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या आणि लपवलेल्या पैशाविषयी लोकांच्या मनात राग होता. त्या वातावरणात जे नियम झाले ते करचुकव्यांना डोळ्यांसमोर ठेवून झाले. स्थलांतरित कामगार, विद्यार्थी, नर्स, इंजिनिअर हे कोणाच्या विचारातही नव्हते. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ मला इथे दिसते.

18 मार्च 2010 रोजी अमेरिकेत फॅटका कायदा झाला. जगातल्या कोणत्याही बँकेने अमेरिकी खातेदार शोधून कळवले नाहीत, तर तिला अमेरिकेतून येणाऱ्या रकमेतून 30 टक्के कापून घेण्याची त्यात तरतूद होती. अमेरिका नागरिकत्वावर कर लावते, म्हणून बँका जन्मस्थान विचारू लागल्या. अमेरिकेतला फोन नंबर किंवा तिकडे पैसे पाठवण्याची कायमची सूचना एवढ्यानेही खात्यावर खूण होऊ लागली. बऱ्याच देशांच्या गोपनीयता कायद्यांत बँकेने परदेशी कर खात्याला थेट माहिती देणे बसत नव्हते. त्यावर तोडगा निघाला तो असा की, बँकेने आपल्या सरकारला सांगायचे आणि सरकारने अमेरिकेला. कायदा प्रत्यक्षात 1 जुलै 2014 पासून लागू झाला.

तोपर्यंत युरोपातल्या पाच मोठ्या देशांना ही यंत्रणा आपल्यालाही हवी असे वाटू लागले होते. जुलै 2014 मध्ये सीआरएस हे, परदेशी निवाशांच्या खात्यांची माहिती देशांनी एकमेकांना कळवण्याचे, समान मानक मंजूर झाले आणि ऑक्टोबरमध्ये बर्लिनमध्ये 51 देश-प्रदेशांनी त्यावरच्या करारावर सह्या केल्या. मानकाचा सांगाडा फॅटकाचाच होता, फक्त नागरिकत्व काढून त्या जागी कर निवास बसवला. अमेरिका वगळता बहुतेक जगासाठी हे स्वाभाविक होते, कारण नागरिकत्वावर कर लावणारे देश जवळजवळ नाहीतच. पण या एका बदलाने काउंटरवरचे काम पूर्ण पालटले, आणि त्याची चर्चा तेव्हा पुरेशी झाली नाही.

नागरिकत्व पासपोर्टवर छापलेले असते. कर निवास असा कुठल्याच ओळखपत्रावर लिहिलेला नसतो. तो दिवसांच्या मोजणीवर, घरावर, कुटुंबावर ठरतो आणि अनेकदा वर्ष संपल्याशिवाय ठरतच नाही. मग तो ठरवायचा कोणी? तीन वाटा होत्या. 2005 सारखे बँकेने पत्ता पाहून ठरवायचे, कर खात्याचा दाखला मागायचा, किंवा ग्राहकालाच लिहून द्यायला सांगायचे. नव्या खात्यांसाठी तिसरी वाट निवडली गेली. ग्राहकाने सही करायची आणि बँकेने त्याचे उत्तर केवायसीच्या कागदांशी विसंगत नाही ना, एवढेच पाहायचे. कराविषयी सल्ला देणे तिचे काम नाही, असे बहुतेक फॉर्मवर छापलेलेच असते.

या निवडीच्या बाजूने सांगितले जाणारे कारण खोटे नाही. शंभरावर देशांचे कर कायदे बँकेच्या कर्मचाऱ्याला माहीत असू शकत नाहीत. दाखल्याची अट घातली असती तर नवख्याचे खाते महिनोन्‌महिने अडकले असते, कारण नुकत्याच आलेल्या माणसाला असा दाखला सहसा लगेच मिळत नाही. पण परिणाम असा झाला की ज्याला दोन्हीपैकी एकाही देशाचा कायदा नीट माहीत नाही, त्याच्याकडूनच कायदेशीर निष्कर्ष लिहून घेतला जातो. चुकीच्या घोषणेला दंड आहे, ही ओळ सहीच्या शेजारीच असते.

कालगणनेचा गुंता तर वेगळाच आहे. अनेक देशांचे करवर्ष जानेवारीत सुरू होते, ब्रिटनचे 6 एप्रिलला, भारताचे 1 एप्रिलला, ऑस्ट्रेलियाचे 1 जुलैला. समजा, एखादी व्यक्ती सप्टेंबरमध्ये देश सोडते. जुन्या देशाचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर आणि वर्षात 183 दिवस राहिले की निवासी असा नियम असेल, तर ती अट तिने आधीच ओलांडलेली असते आणि ती तिथे वर्षभराची निवासी ठरू शकते. नव्या देशाचा कायदा वर्षाचे दोन भाग पाडत असेल, तर स्थायिक व्हायला आलेली म्हणून ती तिथे उतरल्या दिवसापासून निवासी ठरू शकते. ऑक्टोबरमध्ये ती बँकेत बसते तेव्हा दोन्ही उत्तरे खरी असतात.

अशा वेळी काय लिहायचे? मानकाच्या मूळ स्पष्टीकरणात उत्तर होते: दोन देशांत कर करार असेल तर वर सांगितलेल्या क्रमवारीचा आधार घेऊन एकच देश लिहिता येईल. कागदावर हे सोपे वाटते. पण जुन्या देशातले घर अजून विकलेले नाही, नव्या देशात भाड्याने खोली घेतली आहे, जोडीदार आणि मुले शाळेचे वर्ष संपल्यावर येणार आहेत. या माणसाचे कौटुंबिक आणि आर्थिक संबंध कुठे जास्त? यावर न्यायालयांत वर्षानुवर्षे खटले चालतात. तोच निर्णय खाते उघडायला आलेल्याने खुर्चीत बसल्या बसल्या घ्यायचा. सारख्याच परिस्थितीतले दोघे शेजारच्या टेबलांवर वेगवेगळे देश लिहीत आणि दोघांचीही घोषणा वैध ठरे. शिवाय ज्याला एखाद्या देशापासून खाते लपवायचेच आहे, त्याला सोयीचा देश निवडायची मोकळीक मिळत होती.

2023 मध्ये जाहीर झालेल्या सुधारित मानकाने ही मुभा काढली. आता देशांतर्गत कायद्याने जिथे जिथे निवासी ठरता ते सगळे देश लिहायचे, करारात निकाल काहीही लागो, आणि बँकेने त्या सगळ्यांबाबत माहिती कळवायची. बऱ्याच देशांत हा बदल 1 जानेवारी 2026 पासून लागू झाला आहे. माहिती मिळवण्याच्या दृष्टीने मला तो योग्य वाटतो. क्रमवारी लावणे हे कर खात्यांचे काम, बँकेतल्या टेबलावरचे नाही. पण त्यासोबत एक स्पष्टीकरण ठळक छापायला हवे होते: फॉर्मवर देशाचे नाव लिहिणे म्हणजे तिथे कर देणे लागतो अशी कबुली नव्हे. ते नसल्याने माणसे घाबरून जुना देश गाळतात, किंवा उलट, जिथले निवासी राहिलेले नाहीत त्या देशाचे नाव केवळ पासपोर्ट तिथला म्हणून लिहितात.

घोषणा वैध ठरायला नाव, राहता पत्ता, कर निवासाचे देश, करदाता क्रमांक, जन्मतारीख आणि तारखेसह सही लागते. देशात कधी आलात, ही तारीख लागत नाही. स्थलांतरिताच्या बाबतीत सगळा निकाल ज्या तारखेवर फिरतो तीच मानकाने मागितलेली नाही, ही मला या कागदातली सर्वांत मोठी उणीव वाटते.

करदाता क्रमांकाचाही गैरसमज आहे. नवा देश अजून क्रमांक देत नाही म्हणून फॉर्म भरता येणार नाही, असे अनेकांना वाटते. बँक नव्या देशाचा क्रमांक स्वतःच्या इतर नियमांसाठी मागत असेल, पण मानकाला हवा असतो तो ज्या देशाला माहिती जाणार त्याचा, म्हणजे नवख्याच्या बाबतीत बहुधा जुन्या देशाचा. क्रमांक नसेल तर कारण लिहायची सोय सुरुवातीपासून आहे: तो देश क्रमांक देतच नाही, त्या देशात तो घेणे बंधनकारक नाही, किंवा अजून मिळालेला नाही. यातल्या शेवटच्या कारणाला स्पष्टीकरण जोडावे लागते.

याच काळात उलट दिशेनेही एक पाऊल पडले होते. क्रमांकासाठी पत्ता, पत्त्यासाठी भाडेकरार आणि भाडेकरारासाठी बँक खाते, या चक्रात नवखे लोक अडकतात हे युरोपात मान्य झाले आणि युरोपीय संघाच्या 2014 च्या निर्देशाने कायदेशीर वास्तव्य असलेल्या प्रत्येकाला मूलभूत खात्याचा हक्क दिला. त्यात आश्रय मागणारे आणि कायमचा पत्ता नसलेलेही आले. म्हणजे एका नियमाने खाते नाकारू नका म्हटले आणि दुसऱ्याने घोषणेशिवाय उघडू नका. अपवादात्मक परिस्थितीत घोषणा 90 दिवसांत घेण्याची सवलत आहे, पण काउंटरवर ती आपणहून कोणी सांगेल याची खात्री नसते.

ऑक्टोबर 2018 मध्ये आणखी एक थर चढला. पैसे गुंतवून पासपोर्ट किंवा निवासाचा हक्क विकत घेण्याच्या काही योजना धोक्याच्या म्हणून जाहीर झाल्या आणि त्यांतून आलेल्या ग्राहकांना बँकांनी जादा प्रश्न विचारावेत असे सुचवले गेले. इतर कुठल्या देशात राहण्याचा हक्क आहे का, गेल्या वर्षी कुठे 90 दिवसांहून अधिक राहिलात का, विवरणपत्र कुठे भरले? साध्या नोकरदारासाठी हे प्रश्न नव्हतेच. त्याला कोणी ते विचारले, तर हे कोणत्या योजनेच्या संदर्भात आहे असे विचारायला हरकत नाही.

अमेरिका सीआरएसमध्ये आजही नाही. तिथल्या बँका स्वतःचे फॉर्म वापरतात: अनिवाशासाठी डब्ल्यू-8बेन, निवाशासाठी डब्ल्यू-9. ग्रीन कार्डधारक निवासीच धरला जातो. इतर बहुतेकांसाठी 1984 च्या कायद्यातले सूत्र आहे. चालू वर्षाचे सगळे दिवस, आधीच्या वर्षाचे एक-तृतीयांश, त्याआधीच्या वर्षाचे एक-षष्ठांश मिळून 183 भरले आणि चालू वर्षात किमान 31 दिवस वास्तव्य असले की माणूस निवासी. नोकरीच्या व्हिसावर आलेला अनेकदा पहिल्याच वर्षात ही रेषा ओलांडतो आणि त्याने भरलेला डब्ल्यू-8बेन चुकीचा ठरतो. तो बदल 30 दिवसांत कळवायचा असतो.

मागे सोडलेल्या खात्याकडे दुर्लक्ष होते ते वेगळेच. माहितीची देवाणघेवाण सप्टेंबर 2017 पासून सुरू आहे आणि ती दोन्ही दिशांनी चालते. नव्या देशाचे निवासी झालात की जुन्या देशातले खाते हेच परदेशी खाते ठरते, आणि तिथल्या बँकेलाही नवी घोषणा द्यावी लागते. पत्ता किंवा फोन बदलल्याने बँकेला शंका आली, तर पडताळणीसाठी तिला ठरावीक मुदत मिळते. ग्राहकाने उत्तर दिले नाही तर खुणांवरून दिसणाऱ्या देशाला माहिती जाते.

सुधारित मानकानुसार पहिली देवाणघेवाण 2027 मध्ये व्हायची आहे. त्या अहवालात प्रत्येक खात्यासोबत खातेदाराची वैध घोषणा बँकेकडे आहे की नाही, हेही नोंदवले जाईल. ई-मनी खातीही कक्षेत आली आहेत, म्हणजे बँक खाते मिळेपर्यंत अनेक नवखे ज्या वॉलेटवर पगार घेतात तीही. त्यामुळे 2016 ते 2025 या काळात एकच देश लिहून दिलेल्यांना बँकांकडून नव्याने फॉर्म येऊ शकतात. त्या वेळी उत्तर आजच्या स्थितीनुसार द्यायचे, जुन्या फॉर्मची नक्कल करून नव्हे. दोन्ही देशांतले येण्या-जाण्याचे दिवस तारखांसह लिहून ठेवलेले असतील तर ते सोपे जाते.