सपाट पावलातील रोपण : सबटॅलर आर्थ्रोएरायसिस

घोट्याचे हाड आणि टाचेचे हाड यांच्यामध्ये, पावलाच्या बाहेरच्या अंगाला नरसाळ्यासारखी एक पोकळी असते. तिला सायनस टार्सी म्हणतात. लवचीक (म्हणजे भार नसताना कमान दिसणाऱ्या) सपाट पावलावर भार आला की घोट्याचे हाड पुढे, खाली व आत घसरते, टाच बाहेर कलते आणि कमान बसते. या पोकळीत छोटे रोपण बसवून ही घसरण रोखण्याच्या शस्त्रक्रियेला सबटॅलर आर्थ्रोएरायसिस हे नाव आहे. ग्रीक ‘आर्थ्रॉन’ म्हणजे सांधा, ‘एरेइसिस’ म्हणजे टेकू. सांधा जखडला जात नाही; त्याच्या अतिरेकी हालचालीला अडसर लागतो.

या पद्धतीचे जनकत्व कोणाकडे, याविषयी एकवाक्यता नाही. बहुतेक लेखक चेंबर्स यांच्यापासून (१९४६) आरंभ मानतात; त्यांनी पोकळीचा तळ हाडाच्या तुकड्याने उंचावला. ग्राइस यांची १९५२ ची शस्त्रक्रिया याच जागी होते. तथापि पोलिओने दुबळ्या झालेल्या पावलांसाठी योजलेल्या त्या शस्त्रक्रियेत सांधा कायमचा जोडला जातो, म्हणून ती या परंपरेत धरणे सयुक्तिक वाटत नाही. १९७० च्या सुमारास फ्रान्समध्ये लेलिएव्र यांनी तात्पुरती धातूची पकड वापरली, तर स्पेनमध्ये अल्वारेझ यांनी स्क्रूचा अडसर पुढे आणला. रोपण म्हणजे कृत्रिम पदार्थाचा ठोकळा असा काटेकोर अर्थ घेतला, तर सिलिकोन वापरणारे अमेरिकेतील सबॉटनिक (१९७४) यांच्याकडे अग्रमान जातो. व्होगलर यांनी १९८७ मध्ये केलेले वर्गीकरण (सांध्याचा अक्ष बदलणारी, हाडाचा आघात अडवणारी व पोकळीत स्वतः अडकून बसणारी रोपणे) अजूनही उद्‌धृत होते. हल्ली आटे पाडलेल्या, पोकळ टायटॅनियम रोपणांचा प्रघात आहे.

बाहेरच्या घोट्याखाली लहानसा छेद घेऊन पोकळीत मार्गदर्शक तार घालतात. तीवरून वेगवेगळ्या मापांची नमुना-रोपणे आळीपाळीने बसवून टाच हलवून पाहतात. काही अंश हालचाल उरेल असे माप निवडतात. घोडशीर (टाचेमागची जाड शीर) आखडलेली असल्यास तीही लांबवावी लागते.

चवड्यांवर उभे केल्यावर मुलाची कमान उमटत असेल व पाय दुखत नसेल, तर शस्त्रक्रियेचे कारण नाही. वाढत्या वयात बहुतेकांची कमान आपोआप भरते. ताठर सपाट पावलास ही पद्धत लागू नाही. उपचारांचे मूल्यमापन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २००९ मध्ये या पद्धतीविषयीचा उपलब्ध पुरावा अपुरा ठरवला. रोपणाच्या जागी दुखत राहणे ही मुख्य तक्रार असून रोपण काढल्यावर ती बहुधा शमते.