जंक फूड: यादीपासून फलकापर्यंत

शाळेतल्या खाण्याचा सरकारी विचार कितीतरी वर्षे उपाशी मुलाभोवतीच फिरत होता. 1995 मध्ये पोषण आहार देशभर आला. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोरडा शिधा नको, शिजवलेले जेवण द्या असे बजावले. प्राथमिकच्या मुलाच्या पोटात 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने कशी जातील, हा त्या योजनेचा हिशेब. मधल्या सुट्टीत वेफर्सचे पाकीट फोडणारे मूल त्या हिशेबात नव्हते.

ते आले न्यायालयाच्या वाटेने. शाळांच्या आवारात आणि आसपास जंक फूड विकू देऊ नका, अशी जनहित याचिका 2010 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झाली. निकाल लागला मार्च 2015 मध्ये. त्यानंतर जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) संलग्न शाळांना परिपत्रक काढले आणि मे 2017 मध्ये महाराष्ट्राचा शासन निर्णय आला.

सगळे घोडे अडले ते ‘जंक फूड’ या शब्दापाशी. अन्नसुरक्षा आणि मानके कायद्यात तो शब्दच नाही. पदार्थ वाईट नसतो, खाण्याचे प्रमाण वाईट असते, हा उद्योगाचा ठरलेला युक्तिवाद. म्हणून कागदोपत्री ‘एचएफएसएस’ ही चार अक्षरे आली: चरबी, साखर आणि मीठ जास्त असलेले पदार्थ. जास्त म्हणजे किती, हे मात्र अधांतरीच राहिले.

महाराष्ट्राने यावर सोपा तोडगा काढला. सरळ नावेच लिहिली. वेफर्स, नूडल्स, शीतपेये, पिझ्झा, बर्गर यांच्या रांगेत गुलाबजाम आणि पेढाही जाऊन बसले. काय ठेवावे त्याचीही यादी होती, आणि तिच्यात खांडवी आणि जलजिरा होते. गडचिरोलीच्या किंवा मालवणच्या शाळेत खांडवी कोण करणार होते? दिल्लीतल्या समितीची यादी इकडे जवळपास जशीच्या तशी उतरली होती. तेव्हा तिची पुष्कळ थट्टा झाली, आणि ती रास्तही होती. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी: ती यादी कॅन्टीनवाल्याला वाचता येत होती. सहावीतल्या मुलालाही येत होती.

सप्टेंबर 2020 मध्ये अधिसूचित झालेल्या आणि जुलै 2021 पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांत नावे नाहीत. संपृक्त किंवा ट्रान्स चरबी, वरून घातलेली साखर किंवा सोडियम ‘जास्त’ असलेले पदार्थ शाळेत विकायचे नाहीत, एवढेच आहे. आकडा तिथेही नाही, म्हणजे ठरवायचे मुख्याध्यापकांनी. शिवाय शाळेभोवतीची बंदीची हद्द मंडळाच्या पत्रकात 200 मीटर होती, ती या नियमात फाटकापासून 50 मीटर झाली. तंबाखूला 100 यार्डांची हद्द आहे, चिप्सला त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त.

दरम्यान आकडेही हलले. 2016–18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 5 ते 9 वयोगटातली सुमारे 4 टक्के मुले जादा वजनाची आढळली. त्याच वयोगटात जवळपास पाचातले एक मूल खुरटलेले होते. एकाच वर्गात दोन्ही बाकांवर दोन्ही प्रश्न, असा हा मामला आहे. पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत 2.1 टक्के होते, पाचव्या फेरीत ते 3.4 टक्क्यांवर गेले.

मे 2025 मध्ये गाडीने रूळ बदलला. बंदीऐवजी फलक. 4 ते 10 वयाच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकात साखरेचा वाटा 13 टक्के असून तो 5 टक्क्यांच्या आत हवा, असे सांगत केंद्रीय मंडळाने शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला लावले. कोणत्या पदार्थात किती साखर, हे मुलांनी पाहून वाचावे ही कल्पना. जुलैत तेलाचे फलक आले. त्याच सुमारास नागपूरच्या एका रुग्णालयातल्या अशाच फलकांवरून ‘समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा’ अशा बातम्या उठल्या, आणि खाद्यपदार्थांवर असा कोणताही इशारा छापायला सांगितलेले नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला.

पाकिटाच्या दर्शनी बाजूला ठळक इशारा असावा की पदार्थाचा पोषणदर्जा दाखवणारे तारे, हा वाद वेगळाच. ताऱ्यांचा मसुदा 2022 मध्ये आला होता. तो वाद मिटेपर्यंत सोडियमचा आकडा शोधायला मुलाला पाकीट उलटे करावे लागते, आणि तिथले अक्षर शुगर बोर्डाएवढे मोठे नसते.